वेलकरसाहेबांच्या शाली

आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या वरच्या खणात पेशंटांच्या फायली आणि खालच्या तीन खणांत शाली. एवढं सांगितलं की वेलकरसाहेबांबद्दल निम्मं सांगून होतं. उरलेलं निम्मं सांगायला मला जड जातं, कारण त्यात थोडी मीही आहे.

परळला, हॉस्पिटलांच्या गर्दीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची संस्था. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला परत त्याच्या कामावर नेऊन बसवायचं, हे आमचं काम. डॉक्टर 'बरा झाला' म्हणून कागदावर सही करतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. मालक म्हणतो, 'पूर्ण बरा झालास की ये.' या दोघांच्या मधे तो माणूस घरी भिंतीकडे बघत बसलेला असतो. मग त्याला नेमकं काय झेपेल ते डॉक्टरकडून लिहून घ्यायचं, मालकाला पटवायचं, पहिला महिना अर्धा दिवस मागून घ्यायचा, तपासणीच्या सुट्ट्या ठरवायच्या, व्यायाम शिकवणारीची वेळ त्यात बसवायची. या सगळ्याची सांगड घालणाऱ्याला समन्वयक म्हणतात. वेलकरांच्या केबिनवर तशी पाटी होती. सांगड मी घालायचे.

साहेब गिरगावचे. घराणं जुनं, एकेकाळी वाडे-जमिनी असलेलं. आता एक भाड्याचं घर आणि पणजोबांची एक तसबीर उरली होती, पण बोलण्यात पणजोबा दर दोन वाक्यांमागे यायचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, केसांना काळाभोर कलप आणि खिशात कोलनचा वास असलेला रुमाल. पेशंटचा हात दोन्ही हातांत घेऊन 'आपण जिंकणार!' म्हणायचे, आणि तो वळला की टेबलाखाली त्या रुमालाने हात पुसायचे. पेशंटांना ते दिसायचं नाही. माझी खुर्ची बाजूला होती, मला रोज दिसायचं.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?"

"नायगाव. बीडीडी चाळ."

"वा! तुम्हा लोकांना समाजकार्य शिकवावं लागत नाही हो. रक्तातच असतं."

दोन वर्षं अभ्यास करून, पहिल्या वर्गात पास होऊन, मी ते शिकले होते. माझ्या रक्तात त्या दिवशी जे उसळलं ते समाजकार्य नव्हतं. पण नोकरी नवी होती. मी म्हटलं, "हो का साहेब?" आणि फायली घेतल्या.

"वैशालीताई, समन्वय म्हणजे माळेतला दोरा," हे त्यांचं लाडकं वाक्य. "फुलं दिसतात, दोरा दिसत नाही." हे सांगायला ते व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसायचे. फोटोत फूल कुठेतरी कडेला आणि दोरा बरोब्बर मधोमध.

व्हॉट्सॲप आल्यापासून त्यांचा समन्वय फारच सोपा झाला होता. नवा पेशंट आला की ते ग्रुप काढायचे. माझगावला गोदीत क्रेन चालवणारे एक सावंत होते, लकव्यातून उठलेले. 'परतीची पहाट – सावंत' असा ग्रुप निघाला. त्यात डॉक्टर, सावंत, त्यांची बायको, गोदीतले साहेब, मी आणि वेलकर. पहिल्या दिवशी वेलकरांनी सूर्यफूल टाकलं. दुसऱ्या दिवशी सूर्यफुलावर सुविचार. तिसऱ्या दिवशी डॉक्टर ग्रुप सोडून गेले. आठवड्यात गोदीतले साहेबही गेले. शेवटी सावंत, त्यांची बायको आणि सूर्यफूल एवढेच राहिले. मी गोदीत चार खेपा घातल्या, तेव्हा सावंतांना क्रेनऐवजी खाली नोंदीचं काम मिळालं. अहवालात लिहिलं गेलं, 'डिजिटल समन्वयातून साधलेले यश'.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. फुप्फुसाचे, हृदयाचे, लकव्याचे पेशंट दोन जिने चढून वर यायचे. मी एकदा म्हटलं, "साहेब, तळमजल्यावर एक टेबल मिळालं तर बघू या का?"

"अहो, जिना हीच आपली पहिली परीक्षा!" असं म्हणून त्यांनी समोरच्या फायलीत झोकदार अक्षरात लिहिलं, 'स्वतः चालत आला. कामास योग्य.' तो माणूस समोर धापा टाकत बसला होता, त्याला पाणी घेताना ग्लास धरवत नव्हता. हा शेरा त्यांचा ठरलेला होता. बाईमाणूस असेल तर 'चालत आली', एवढाच फरक. मी तो खोडून खाली खरं काय ते लिहायचे. फाइल ते पुन्हा उघडायचे नाहीत, त्यामुळे आमचं भांडण कधी झालं नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्यांना आवाज होता. रेडिओवर जुने निवेदक बोलायचे तसा खर्जातला, स्वच्छ, प्रत्येक अक्षर तोलून टाकणारा. फोनवर तो आवाज ऐकला की पलीकडचा मालक खुर्चीत सावरून बसत असणार. मी तीन आठवडे ज्याच्यापुढे डोकं फोडलं, तो वेलकरांच्या चार मिनिटांत 'पाठवा' म्हणायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या माणसाला देवाने एवढी एकच गोष्ट दिली होती, आणि ती उसनी वाटावी इतकी चांगली होती.

रंजना परबचंही तसंच झालं.

रंजना लालबागची. घरात सासू आणि दहावीतली मुलगी, नवरा नाही. दादरला साड्यांच्या एका दुकानात अकरा वर्षं काउंटरवर होती. गिऱ्हाईक 'फक्त बघतेय हं' म्हणालं की ही हसून एका झटक्यात साडी उलगडायची. पदर आपसूक गिऱ्हाइकाच्या खांद्यावर जाऊन पडायचा आणि बाई आरशाकडे वळायची. तिला क्षय झाला. दुकानात तिने सांगितलं, सासू आजारी आहे, गावाला जाते. फक्त मालकाला, भाऊंना, तेवढं खरं सांगितलं. औषधं नेमाने घेतली, कोर्स पूर्ण झाला, थुंकी तपासली, काही निघालं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की हिच्यापासून कोणाला धोका नाही. गठ्ठे मात्र काही दिवस उचलायचे नाहीत.

आमच्याकडे आली तेव्हा ती एकच गोष्ट मागत होती. "ताई, आजार गेला. आता त्याचं नावपण जाऊ दे. तिथे आम्ही चौघी एका डब्यात जेवतो. कळलं ना, तर माझा डबा वेगळा होईल."

भाऊ माझ्याशी फोनवर नीट बोलेनात. शेवटी फोन वेलकरांना दिला. आवाजाने काम केलं. भाऊ म्हणाले, "घेतो, पण साहेब, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. काउंटरवर कळलं तर माझं गिऱ्हाईक तुटेल." वेलकर छातीवर हात ठेवून म्हणाले, "शब्द दिला!" फोनवर छातीवर ठेवलेला हात दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात यायचं नाही. मी फायलीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं, 'दुकानात कोणालाही आजार सांगायचा नाही.' खाली दोन रेघा मारल्या.

रंजना एका सोमवारी कामावर गेली. चार तास, बसायला स्टूल, गठ्ठे काढायला दुसरी मुलगी. भाऊंनी सगळ्यांना सांगितलं की गावाला हिची पाठ धरली होती. संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, आज सहा साड्या विकल्या! हात विसरला नाही गो!" ती इतकी खुश होती की मला 'गो' म्हणाली हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

आता शालींकडे येते. पेशंट कामावर रुजू झाला की चार-आठ दिवसांनी वेलकर त्याच्या कामाच्या जागी जाऊन सत्कार करायचे. शाल, श्रीफळ, मागे बॅनर, फोटो, आणि शेवटी सत्कारमूर्तीने दोन शब्द बोलायचे. "आमच्या घरी माणूस दुखण्यातून उठला की उंबऱ्यावर ओवाळतात, भाकरतुकडा टाकतात. पणजोबांपासूनची रीत आहे," ते सांगत. रीत चांगलीच आहे. पण घरच्या उंबऱ्यावर ओवाळणारी आई असते आणि ती फोटोग्राफर घेऊन येत नाही. या सत्कारांनी तोवर फारसं कोणाचं बिघडलं नव्हतं. माणसं अवघडून उभी राहायची, शाल घरी नेऊन सासऱ्याला द्यायची, एवढंच.

त्या शुक्रवारी सकाळी साहेबांनी खालच्या खणातून शाल काढली. काखेत गुंडाळलेला बॅनर होता.

"कोणाचा सत्कार साहेब?"

"आपल्या परबबाईंचा."

"साहेब, फाइल वाचलीत ना? आजार सांगायचा नाहीये तिथे."

वेलकर हसले. "वैशालीताई, गुप्तता आजाराची असते. विजयाची कसली गुप्तता? आणि फाइल नसते वाचायची. माणूस वाचायचा असतो."

इथे मी येते. माझ्या हातात फोन होता. रंजनाचा नंबर होता, भाऊंचा होता. दारात आडवी झाले असते तरी चाललं असतं. पण या माणसाला समजावून समजावून माझ्या तोंडाला फेस आला होता. मी मनात म्हटलं, जा. भाऊ पायरीवरूनच हाकलतील. एकदा तरी चारचौघांत तुझी शोभा होऊ दे. आणि मी चहा मागवला.

भाऊ त्या दिवशी सुरतेला माल बघायला गेले होते. गल्ल्यावर त्यांचा मुलगा होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. वेलकरांचा आवाज ऐकून तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, या ना सर.

साडेअकराला ग्रुपवर फोटो आला. 'परतीची पहाट – परब'. बॅनरवर मोठ्या अक्षरांत, 'क्षयरोगावर मात करून कामावर रुजू झाल्याबद्दल हृद्य सत्कार'. खाली फॉर्मवरचा रंजनाचा फोटो मोठा करून लावलेला. मधोमध वेलकर, कॅमेऱ्याकडे बघून हसत. शेजारी शाल पांघरलेली रंजना, नारळाकडे बघतेय. तिच्या मागे काउंटरवरच्या तिघीजणी होत्या आणि त्यातल्या एकीने ओढणी नाकावर धरली होती. फोटोखाली वेलकरांनी सूर्यफूल टाकलं होतं. पाच मिनिटांनी रंजना ग्रुप सोडून गेली.

नंतर तिने मला सांगितलं, "मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी काय बोलू? समोर गिऱ्हाईक होतं, एक बाई लेकराला घेऊन आलेली. ती लेकराला उचलून बाहेर गेली. मी धन्यवाद म्हटलं."

दुपारी डब्याच्या वेळी तिघी आत गेल्या, हिला कोणी हाक मारली नाही. शनिवारी भाऊ परत आले. ते तिला वाईट काही बोलले नाहीत. "तू घरी थोडा आराम कर, मी कळवतो," म्हणाले. दादरच्या दुकानांत 'कळवतो'चा अर्थ काय होतो ते अकरा वर्षं काम केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. मी भाऊंकडे गेले, डॉक्टरांचं पत्र दाखवलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. भाऊ सगळं ऐकून घेत होते. "मॅडम, मला पटतं हो. माझ्या गिऱ्हाइकाला कोण पटवणार?" आजूबाजूच्या दुकानांत विचारलं, तर फोटो तिथेही पोहोचला होता.

वेलकरांना मी सांगितलं, "साहेब, रंजनाची नोकरी गेली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "समाज अजून तयार नाही हो," म्हणाले. "आपण फार पुढचं बघतो, हा आपला दोष." मग घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या सत्काराला गेले. रंजनाच्या फायलीवर मी खोडलेला त्यांचा शेरा होताच, 'स्वतः चालत आली. कामास योग्य.' त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो छापला. ओढणीवाली मुलगी मात्र कापून टाकली होती. अशा माणसाचा राग येत नाही, किळस येते. राग करायलाही समोर काहीतरी घट्ट लागतं.

रंजनाने घरी मशीन टाकून फॉल-पिकोचं काम सुरू केलं. मी माझ्या साड्या तिच्याकडे नेत राहिले. माझ्याकडे नव्हत्या तेव्हा बहिणीच्या नेल्या. ती मला 'अगो वैशाली' म्हणायला लागली. त्या सकाळी फोन माझ्या हातात होता, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी वेलकर दोन महिने दिसले नाहीत. मुलीकडे मेलबर्नला गेलेत, असं विश्वस्तांनी सांगितलं. साहेब निवृत्तीनंतरच्या वर्षावर्षाच्या करारावर होते, आणि विश्वस्तांना कोणीतरी तरुण हवा होता, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

एका पेशंटच्या कागदासाठी मी गिरगावातल्या एका हॉस्पिटलात गेले होते. व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता. केस पांढरे, तोंड एका बाजूला किंचित उतरलेलं. समोर बसलेली मुलगी त्याच्याकडून म्हणवून घेत होती, "म्हणा आजोबा, पपई." तो म्हणत होता, "फ... फफई." मी पुढे गेले आणि मग कोलनच्या वासाने थांबले. वेलकरांनी मला पाहिलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मेलबर्नहून आणलेलं ते तोंड मी ओळखलं नाही असं दाखवून मी निघाले.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? मी तिथून तडक लालबागला गेले आणि जिना चढता चढताच रंजनाला हाक मारली. सगळं सांगितलं, पपईसकट. म्हटलं, "आता येऊ दे कामावर. असा मोठा सत्कार करते की बघच. बॅनर मी छापते. 'लकव्यावर मात.' दोन शब्द बोलायला लावते."

रंजनाने मशीन थांबवली. सुईखालून साडी काढली, दोरा दातांनी तोडला.

"त्यांनी सांगितलंय कोणाला?"

"नाही ना! मेलबर्न म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

"मग तूपण सांगू नको."

"अगं, त्या माणसाने तुला—"

"म्हणून तर सांगते. दुखण्याचं नाव भायेर पडलं की काय होता ता माका ठाव आहे. तुला नाय ठाव." तिने पुन्हा मशीनवर पाय ठेवला. "सांगू नको हां वैशाली. शपथ आहे माझी."

वेलकर परत आले. केस काळे केलेले, इस्त्री कडक. "घसा बसलाय," असं एका कागदावर लिहून टेबलावर ठेवलं होतं. मेलबर्नची थंडी, असं लोकांनी समजून घेतलं. फोन आला की ते माझ्याकडे बोट दाखवायचे. लकव्यातून उठलेल्या माणसाला काय काय मिळायला हवं, अर्धा दिवस, बोलण्याचा सराव, जिन्याची सूट, हे सगळं आमच्याच माहितीपत्रकात छापलेलं होतं. यांना ते मागता येत नव्हतं. त्यातलं यांनी कधी वाचलं होतं की नाही, देव जाणे. मला त्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. मी फक्त फोन घेत राहिले.

मार्चमध्ये विश्वस्तांनी करार वाढवला नाही, पण निरोपाचा सत्कार ठरवला. साहेबांनी हाताने नको-नको केलं. लोकांना तो विनय वाटला. खालच्या खणातली शेवटची शाल त्यांच्याच खांद्यावर पडली, हातात नारळ आला. फोटो झाला. मग मुख्य विश्वस्त उत्साहाने म्हणाले, "आता आपल्या त्या सुप्रसिद्ध आवाजात दोन शब्द होऊ द्या साहेब!"

टाळ्या झाल्या. वेलकर उठले. डाव्या हातातला नारळ घसरायला लागला तो त्यांनी पोटाशी दाबून धरला. तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्यांना कळलं असावं की हॉस्पिटलात मी त्यांना ओळखलं होतं. इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती मी. काहीही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, मागच्यासारखं. चहा समोरच होता.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेबांचा घसा अजून सुटला नाहीये. त्यांच्या वतीने मी आभार मानते." आणि त्यांचंच ते माळेचं आणि दोऱ्याचं वाक्य, जे मला ऐकवत नाही, ते मी सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. ते खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. आभारही मानले नाहीत. ते कधीच मानत नसत.

लोक समोसे खात असताना ते एकटेच निघाले. मी दारापर्यंत गेले. दोन जिने. उजव्या हाताने कठडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा त्याच पायरीवर, असे ते उतरत होते. काखेतली शाल अर्धी सुटून पायरीवर लोळत होती. पहिल्या वळणावर ते थांबले, धाप लागली होती. वरून कोणीतरी "सांभाळून हं साहेब!" म्हणालं, तेव्हा ते भिंतीवरची सोसायटीची नोटीस वाचायला लागले. ती पाणी बंद राहण्याची नोटीस होती, महिन्याभरापूर्वीची.

माझ्यामागे चार लोक दारात येऊन उभे होते. मी खाली जाऊन हात दिला नाही. दिला असता तर सगळ्यांना कळलं असतं.